उपासनागीतांची शब्दकळा आणि श्रद्धेची घडण : नायगाव-वसईच्या मराठी ख्रिस्ती गीतपरंपरेच्या संदर्भात

१. प्रस्तावना

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने तीन अंगांनी झालेला दिसतो. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'चा भाषिक व वाङ्मयीन अभ्यास, एकोणिसाव्या शतकातील मिशनरी गद्याचा आणि नियतकालिकांचा इतिहास, व रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या कवितेचे रसग्रहण ही ती तीन अंगे होत. या तिन्ही ठिकाणी मुद्रित ग्रंथ हाच अभ्यासाचा विषय राहिला. दर रविवारी शेकडो माणसे जे शब्द एकाच वेळी तोंडाने उच्चारतात आणि वर्षानुवर्षांच्या उच्चाराने जे शब्द त्यांना मुखोद्गत झालेले असतात, त्या उपासनागीतांच्या शब्दांकडे साहित्याच्या अभ्यासकाने क्वचितच लक्ष दिले. कविता म्हणून ही गीते सामान्य आणि धर्मशास्त्र म्हणून अपुरी, असे जणू गृहीतच धरले गेले.

प्रस्तुत निबंधात या गृहीताचा फेरविचार करावयाचा आहे. उपासनागीताचे शब्द भाविकाची श्रद्धा केवळ व्यक्त करतात, की ती घडवतातही, असा प्रश्न येथे विचारला आहे. गीताचे शब्द श्रद्धा घडवतात आणि हे कार्य ते मुख्यत: तीन भाषिक निवडींच्या द्वारे करतात, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. देवाला कोणत्या शब्दाने हाक मारावयाची, गाणाऱ्याने स्वत:साठी कोणते सर्वनाम वापरावयाचे, आणि तारण ही कल्पना कोणत्या रूपकातून मांडावयाची, या त्या तीन निवडी होत. विवेचनासाठी नायगाव आणि त्याभोवतीचा वसईचा परिसर घेतला आहे. विशिष्ट गीतांचे रसग्रहण करणे हा येथील हेतू नाही. गीतांतून वारंवार येणाऱ्या शब्दांचा अर्थव्यापार पाहणे एवढीच या निबंधाची मर्यादा आहे.

नायगाव वसई खाडीच्या उत्तर तीरावर वसले आहे. खाडीपलीकडे भाईंदर, मध्ये पाणजू बेट, भोवती मिठागरे आणि किनाऱ्याला कोळीवाडा अशी ही वस्ती आहे. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो. या किनाऱ्यावर हिंदू आणि ख्रिस्ती कोळी एकाच पाण्यावर उपजीविका करीत आले आहेत. धर्म निराळा असला तरी होडी, जाळे आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक सर्वांचे एकच असते. उपासनेच्या भाषेचा विचार करताना ही वस्तुस्थिती किती महत्त्वाची ठरते, ते पुढे दिसून येईल.

२. प्रार्थनेचा नियम आणि श्रद्धेचा नियम

जी प्रार्थना केली जाते तिच्यावरून श्रद्धेचे स्वरूप ठरते, असे एक तत्त्व ख्रिस्ती परंपरेत फार जुन्या काळापासून मान्य आहे. त्याचे मूळ पाचव्या शतकातील अक्वितानियाच्या प्रॉस्परच्या लेखनात सापडते. त्याही आधी, चौथ्या शतकात सीरियाच्या एफ्रेमने (मृत्यू ३७३) हेच तत्त्व व्यवहारात आणले होते. बर्देसानच्या मतांचा प्रसार त्याच्या गीतांतून होत असल्याचे पाहून एफ्रेमने स्वत: गीते रचली आणि ती स्त्रियांच्या गायकवृंदांकडून गाववून घेतली. गीताने रुजलेले मत प्रवचनाने उपटता येत नाही, त्याला दुसरे गीतच द्यावे लागते, हे त्याने ओळखले होते. १५२४ पासून जर्मन भाषेत छापल्या गेलेल्या गीतसंग्रहांनी ल्यूथरच्या सुधारणेला जे बळ दिले, त्याचाही उलगडा याच तत्त्वाने होतो.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान प्रसृत केले. त्याच्या ३६व्या कलमाने लोकभाषांना उपासनेत वाव दिला, ११८व्या कलमाने लोकांच्या धार्मिक गायनास उत्तेजन दिले, आणि १२१व्या कलमाने गीतांचे शब्द श्रद्धेच्या शिकवणुकीशी सुसंगत असावेत व ते मुख्यत: पवित्र शास्त्र आणि उपासनाविधी यांतून घेतलेले असावेत, अशी अपेक्षा नोंदविली. २००८ साली व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागाने एक पत्र काढले. इस्राएलच्या देवाचे चार व्यंजनांनी लिहिले जाणारे नाव कॅथलिक उपासनेतील गीतांत व प्रार्थनांत उच्चारू नये, असा त्याचा आशय होता. गीतातील एका शब्दावर जगभरच्या चर्चसाठी निर्णय घ्यावासा वाटणे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. गीतातील शब्द धर्मसत्तेलाही निरुपद्रवी वाटत नाही.

३. परंपरेचे तीन स्रोत

वसईत १५३४ साली पोर्तुगीज सत्ता आली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेने ती संपली. या दोन शतकांत येथे रुजलेल्या ख्रिस्ती समाजाच्या गीतभाषेला तीन स्रोत येऊन मिळाले.

पहिला स्रोत पुराणाचा. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ नवख्रिस्ती लोकांच्या मागणीतून निर्माण झाला, असे ग्रंथातच सूचित केले आहे. जुनी पुराणे सुटलेल्या या लोकांना वाचावयास व गावयास काहीतरी हवे होते. स्टीफन्स यांनी त्यांना ओवी दिली, मंगलाचरण दिले, 'परमेश्वर', 'स्वामी', 'वैकुंठ' असे त्यांच्या कानाला परिचित असलेले शब्द दिले. चर्चच्या विशिष्ट संकल्पनांसाठी मात्र त्यांनी पोर्तुगीज-लॅटिन वळणाची रूपे कायम ठेवली. म्हणजे कोणता शब्द देशी घ्यावा आणि कोणता परका ठेवावा, हा विवेक मराठी ख्रिस्ती गीतपरंपरेच्या आरंभीच दिसतो. वसईच्या बोलीत आजही नाताळ, पाद्री, क्रूस, फेस्त हे पोर्तुगीज वंशाचे शब्द सहजपणे नांदतात.

दुसरा स्रोत भजन-अभंगाचा. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ साली मुंबईत सुरू झाले आणि पुढे अहमदनगर हे त्याचे प्रमुख केंद्र बनले. कृष्ण रत्नाजी सांगळे आणि विशेषत: टिळक (१८६१-१९१९) यांनी प्रॉटेस्टंट उपासनेत भजनाची चाल व अभंगाचा घाट आणला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे सांगितले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना-संगीत' या संग्रहातून त्यांची गीते पिढ्यान्‌पिढ्या गायिली गेली आहेत.

तिसरा स्रोत १९६३ नंतरचा. लॅटिन मिस्सा जाऊन मराठी मिस्सा आली, तेव्हा प्रवेशगीत, अर्पणगीत, प्रसादगीत अशा प्रत्येक स्थानासाठी मराठी गीतांची एकदम गरज निर्माण झाली. काही भाषांतरे झाली, काही नवी रचना झाली, काही शब्द भक्तिपरंपरेतून घेतले गेले. वसई धर्मप्रांत १९९८ साली स्थापन झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर संशोधन केले होते आणि त्यांचा तो ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध झाला होता. वारकरी शब्दसंपदेशी येथील चर्चचे नाते केवळ योगायोगाचे नाही, हे एवढ्यावरून लक्षात यावे.

४. संबोधन : बाप, स्वामी, माउली

उपासनागीताचा पहिला शब्द बहुधा संबोधनाचा असतो. संबोधन हे विधान नव्हे. 'देव दयाळू आहे' हे वाक्य खरे की खोटे, असा प्रश्न विचारता येतो. 'दयाळा' या हाकेला तो प्रश्न लागू पडत नाही. हाक मारताच हाक मारणारा आणि ज्याला हाक मारली तो, यांच्यात नाते प्रस्थापित होते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मूल देवाविषयीची विधाने शिकते. त्याआधी कित्येक वर्षे गीताने त्याला देवाशी कोणत्या नात्याने बोलावयाचे, ते शिकवून ठेवलेले असते.

'पिता' आणि 'बाप' या दोन शब्दांचे उदाहरण घेऊ. अर्थकोशात ते समानार्थी आहेत. प्रयोगात मात्र 'पिता' हा शब्द अर्जात, पाठ्यपुस्तकात आणि प्रवचनात येतो. 'बाप' घरात, भांडणात आणि रडण्यात येतो. 'पित्या' अशी हाक कोणतेही मराठी मूल आपल्या वडिलांना मारीत नाही. त्यामुळे 'पित्या' म्हणून गाणाऱ्या भाविकाचा देव आदरणीय पण काहीसा दूरचा राहतो, तर 'बापा' म्हणणाऱ्याचा देव उंबरठ्याच्या आत असतो. येशूने देवाला उद्देशून वापरलेला 'अब्बा' हा अरामी शब्द घरातलाच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे गांभीर्य कळते. तथापि 'बाप' हा शब्द शिष्टभाषेत ग्राम्य मानला जाऊ लागल्यापासून गीतरचनाकारांचा कल 'पिता' कडे झुकत गेला. येथे भाषेतील प्रतिष्ठेचा प्रश्न नकळत श्रद्धेचा प्रश्न बनतो.

'स्वामी', 'नाथ', 'धनी', 'राजा' या संबोधनांतून निराळे नाते उभे राहते. त्यात सत्ता आहे आणि सेवा आहे. मराठी भाविक मात्र राजालाही 'तू' म्हणतो. आदरार्थी बहुवचन जिथे अपेक्षित असते, तिथे एकवचन वापरून सलगी दाखविण्याची ही रीत संतांकडून आलेली आहे. 'प्रभू' या आदराच्या शब्दापुढे 'तू' हे सलगीचे सर्वनाम येते तेव्हा दूरत्व आणि जवळीक एकाच वाक्यात राहतात. देव परात्पर आहे आणि तोच देहधारी झाला, हे ख्रिस्ती श्रद्धेचे दुहेरी सूत्र मराठी गीतात अशा रीतीने व्याकरणातूनच साकार होते.

'माउली' या शब्दाचा प्रवास सर्वांत उद्बोधक आहे. वारकरी परंपरेत ज्ञानेश्वर माउली आहेत, विठ्ठलही विठाई आहे. पुरुषरूपातील दैवताला आई म्हणण्याची ही मुभा टिळकांनी उचलली आणि ख्रिस्ताला गुरू व माउली अशा दोन्ही नात्यांनी आळविले. अहमदनगरच्या प्रॉटेस्टंट मंडळीत ते सहज सामावले, कारण तिथे मरियेची भक्ती नसल्यामुळे आईची जागा मोकळी होती. वसई-मुंबईच्या कॅथलिक किनाऱ्यावर परिस्थिती वेगळी आहे. वांद्र्याच्या डोंगरावरील मरियेला कोळी लोक 'मोत माउली' म्हणत आले आहेत. म्हणजे नायगावच्या भाविकाच्या मनात 'माउली' या शब्दावर मरियेचा हक्क आधीच प्रस्थापित आहे. हाच शब्द अहमदनगरात ख्रिस्ताचे वात्सल्य सांगतो आणि नायगावात ख्रिस्ताच्या आईचे. शब्द एक, भाषा एक. परंतु श्रद्धेच्या दोन नकाशांत त्याची जागा निरनिराळी आहे. एका संप्रदायाचे गीत दुसऱ्याने उचलताना हा फरक जाणवत नाही, पण तो आपले काम करीतच असतो.

५. सर्वनाम : मी, आम्ही, आपण

गाणारा स्वत:चा निर्देश कसा करतो, हा दुसरा प्रश्न. अभंगाचा घाट प्राय: 'मी'चा आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात रचनाकाराची नाममुद्रा असते, तरी गाणारा प्रत्येक जण त्या 'मी'च्या जागी स्वत:ला ठेवतो. मिस्साविधीची भाषा याउलट बहुवचनी आहे. समुदाय एकत्र येऊन एका स्वराने बोलतो, अशी तिची धारणा आहे. १९६७ साली अमेरिकेतील ड्युकेन विद्यापीठात उगम पावलेली करिष्माई नवजीवन चळवळ पुढे भारतात पसरली आणि तिच्या स्तुतिगीतांनी पुन्हा 'मी' आणि 'माझा' यांना मध्यवर्ती स्थान दिले. अभंगातील 'मी' बहुधा अपराधी आणि आर्त असतो. नव्या स्तुतिगीतातील 'मी' बहुधा कृपा लाभलेला आणि आनंदित असतो. केवळ दुसऱ्या प्रकारच्या गीतांवर वाढलेल्या भाविकाला दु:खाच्या प्रसंगी देवाशी काय बोलावे, ते सुचेनासे होते. स्तोत्रसंहितेतील विलापस्तोत्रांची संख्या पाहता ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

'आम्ही' आणि 'आपण' हा भेद याहून सूक्ष्म आहे आणि तो मराठीचा विशेष आहे. लॅटिन, पोर्तुगीज आणि इंग्रजी या ज्या भाषांतून आपली गीते भाषांतरित झाली, त्यांत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे एकच रूप आहे. हिंदीतील 'हम'ही तसेच आहे. मराठीत, आणि शेजारच्या गुजरातीतही, ऐकणाऱ्याला वगळणारा 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारा 'आपण' अशी दोन रूपे आहेत. त्यामुळे मूळ गीतात न विचारलेला एक प्रश्न मराठी भाषांतरकाराला प्रत्येक ओळीत सोडवावा लागतो. बोलणे कोणाशी चालले आहे?

देवाशी बोलताना 'आम्ही' येणार, कारण देव त्या समूहात मोडत नाही. शेजारच्या भाविकाशी बोलताना 'आपण' येणार. याचा एक उपयोग असा की, मराठी गीताचे तोंड वेदीकडे आहे की बाकांकडे, हे सर्वनामावरून तत्काळ ओळखता येते. एखाद्या धर्मग्रामाच्या गीतसंग्रहात 'आपण'ची गीते फार वाढली, तर समुदाय देवाशी बोलण्यापेक्षा स्वत:शीच अधिक बोलू लागला आहे, असा त्याचा अर्थ होतो. अभ्यासकाला हे मोजून पाहता येण्याजोगे आहे.

हा भेद सर्वांत निर्णायक ठरतो तो 'इम्मानुएल' या नावाचा अर्थ सांगताना. मत्तयच्या शुभवर्तमानात येणाऱ्या या नावात देवाचे सान्निध्य सांगितले आहे. पण कोणाबरोबरचे? 'आम्हांबरोबर' म्हटले, तर नाताळच्या रात्री अंगणात उभा राहून गीत ऐकणारा हिंदू कोळी शेजारी व्याकरणानेच बाहेर ठेवला जातो. 'आपल्याबरोबर' म्हटले, तर तो आत येतो. ज्या गावात दोघांच्या होड्या एकाच बंदराला लागतात, तिथे हा फरक केवळ व्याकरणाचा राहत नाही. ख्रिस्तजन्म ही एका समाजाची मिरास आहे की सर्व माणसांना दिलेली वार्ता आहे, याविषयीची धारणा या एका सर्वनामातून लहानपणापासून मनात रुजत जाते.

६. रूपक : तारण आणि समुद्र

तिसरी निवड रूपकाची. ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेल्या कल्पनेसाठी मराठी गीतांत अनेक शब्द येतात. 'मुक्ती' व 'मोक्ष' यांत बंधन सुटण्याचे चित्र आहे. 'उद्धार' यात खालून वर काढण्याचे. बायबलच्या मराठी भाषांतरात येणाऱ्या 'खंडणी' या शब्दात मूल्य देऊन सोडवून घेण्याचे चित्र होते. परंतु आजच्या मराठीत खंडणी ही गुन्हेगार उकळतो ती रक्कम झाली असल्यामुळे तो शब्द गीतासाठी जवळजवळ निरुपयोगी झाला आहे. शब्दाचा लौकिक अर्थ पालटला की श्रद्धेचे एक चित्रही हातचे जाते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या सर्वांत 'तारण' हा शब्द नायगावच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध आहे. संस्कृत 'तॄ' म्हणजे तरून जाणे, पार होणे. 'तारणे' म्हणजे पार नेणे, बुडू न देणे. 'तारू' म्हणजे गलबत. 'तीर्थ' आणि 'अवतार' हे शब्दही याच धातूपासून सिद्ध झाले आहेत. म्हणजे तारणारा, तीर्थ आणि अवतार या तिन्ही धर्मसंज्ञांच्या मुळाशी पाणी ओलांडण्याची क्रिया आहे. त्याखेरीज मराठीत 'तारण' म्हणजे कर्जाकरिता ठेवलेला हवाला. पदव्युत्तर वर्गात प्रस्तुत लेखकाने या शब्दाचा अर्थ विचारला असता, शहरात वाढलेल्या विद्यार्थ्यांना प्रथम बँकेतील सोनेतारणच आठवले. त्यात त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही. ख्रिस्ताने आपल्यासाठी स्वत:ला हवाली केले, हा अर्थही श्रद्धेच्या परिघातच येतो. मात्र ज्याला 'तारण' म्हटल्यावर फक्त गहाण आठवते त्याची श्रद्धा हिशेबाच्या भाषेत घडते, आणि ज्याला बुडता बुडता वर धरणारा हात आठवतो त्याची श्रद्धा संकटाच्या भाषेत घडते. पेत्र पाण्यावरून चालताना बुडू लागला आणि येशूने त्याला हात दिला, हा मत्तयच्या चौदाव्या अध्यायातील प्रसंग या दुसऱ्या अर्थाचे मूर्तिमंत चित्र आहे.

तारणाबरोबर समुद्र येतो, आणि येथेच या निबंधाचा मुख्य मुद्दा उपस्थित होतो. मराठी भक्तिपरंपरेत समुद्र म्हणजे भवसागर. तो दुस्तर आहे, त्यात मोहाचे भोवरे आहेत, आणि देवाच्या नावेत बसून पलीकडच्या तीराला लागणे हेच भक्ताचे साध्य आहे. ख्रिस्ती भजनांनी हे रूपक जसेच्या तसे स्वीकारले. देशावरील भाविकाला ते सोयीचे होते. समुद्र त्याने पाहिलेला नसतो; त्याच्या लेखी तो भीतीची एक कल्पनाच असतो.

नायगावच्या नाखव्याचा समुद्र असा नाही. तो त्याचे शेत आहे. डोल जाळे खुंटांना बांधून, प्रवाहाकडे तोंड करून लावावयाचे, भरती-ओहोटीची वाट पाहावयाची, पाणी फिरले की जाळे उचलावयाचे, असा त्याचा नित्यक्रम. पावसाळ्यातील मासेमारीबंदीचे दोन महिने सरले की तो पुन्हा पाण्यात उतरतो. पलीकडच्या तीराला कायमचे लागणे ही त्याची आकांक्षा नाही. दररोज पाण्यात जाणे आणि परत येणे हे त्याचे जीवन आहे. असा माणूस चर्चमध्ये भवसागरातून सुटण्याचे गीत गातो, तेव्हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट त्याच्या उपासनेत शत्रूच्या जागी जाऊन बसते. श्रद्धा एकीकडे आणि उपजीविका दुसरीकडे, अशी फाळणी गीताने केलेली असते आणि गाणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो.

शुभवर्तमानात मात्र समुद्र प्रामुख्याने कामाची जागा म्हणून येतो. येशूचे पहिले शिष्य कोळी होते. लूकच्या पाचव्या अध्यायात रात्रभर कष्ट करून रिकाम्या हाताने परतलेल्या पेत्राला येशू होडी पुन्हा खोल पाण्यात न्यावयास सांगतो. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित ख्रिस्त भेटतो तो किनाऱ्यावर, आणि तिथे जाळ्यात सापडलेल्या माशांची संख्याही दिली आहे : १५३. ज्याने मासळी मोजून वाटे घातले आहेत, त्याला हा तपशील अलौकिक वाटत नाही, ओळखीचा वाटतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ६ जानेवारी २००१ रोजी नव्या सहस्रकासाठी काढलेल्या पत्रात खोल पाण्यात जाण्याची ही आज्ञाच मध्यवर्ती ठेवली. या चित्रात श्रद्धा म्हणजे पाण्यातून सुटका नव्हे; येशूच्या शब्दावरून पुन्हा पाण्यात जाणे होय.

भवसागर हे रूपक हिंदू आणि म्हणून त्याज्य, असा निष्कर्ष यावरून काढणे अयोग्य ठरेल. बायबलमध्येही दोन्ही समुद्र आहेत. निर्गमात तो ओलांडावयाचा आहे, प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायातील नव्या सृष्टीत तो उरतच नाही. उलट १०७व्या स्तोत्रात गलबतांतून व्यापार करणाऱ्यांना भर समुद्रातच देवाची कृत्ये दिसतात. वादळात बुडालेल्या होडीच्या घरातील विधवेला भवसागराचे गीतच जवळचे वाटेल, आणि तसे वाटण्याचा तिला अधिकार आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. एखाद्या किनाऱ्यावरील गीतसंग्रहात ओलांडावयाचा समुद्र वारंवार येतो आणि जाळे टाकावयाचा समुद्र क्वचित येतो, तर तेथील श्रद्धा अर्धीच घडते. कोकरू आणि मेंढपाळ ही रूपके या किनाऱ्यावर शिकून घ्यावी लागतात, कारण मेंढरांचे कळप येथे नाहीत. होडी, जाळे, नांगर, ओहोटी हे शब्द मात्र शिकवावे लागत नाहीत. जे शब्द अनुभवाने आधीच भरलेले आहेत, त्यांनाच गीतात सर्वांत कमी जागा मिळावी, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे.

७. काही आक्षेप

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सामान्य भाविक शब्दांकडे लक्षच देत नाही. त्याला चाल भावते. हे निरीक्षण खरे आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष उलट आहे. ज्या शब्दाकडे लक्ष दिले जाते त्याची चिकित्सा होते. चालीवर स्वार होऊन आलेला शब्द चिकित्सेवाचून आत शिरतो आणि म्हणूनच अधिक खोल जातो. संकटात माणसाच्या ओठांवर प्रवचनातले वाक्य येत नाही, पाठ असलेल्या गीताची ओळ येते.

दुसरा आक्षेप देशी शब्दांविषयीचा. 'वैकुंठ', 'भव', 'मोक्ष' हे शब्द वापरल्याने ख्रिस्ती श्रद्धेचा अर्थ भ्रष्ट होतो, असे मानणारी भूमिका मराठीत समर्थपणे मांडली गेली आहे. पंडिता रमाबाईंनी आपल्या बायबल-भाषांतरात (१९२४, मरणोत्तर प्रकाशित) हिंदू धर्मकल्पनांशी निगडित शब्द कटाक्षाने टाळले आणि सामान्य स्त्रियांना कळेल अशी साधी भाषा योजली. टिळकांनी तेच शब्द जवळ केले. दोघेही ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले, दोघांचाही मराठी-संस्कृतावर अधिकार. दोघांच्या निवडी परस्परविरुद्ध असल्या, तरी त्यांच्यामागील जाणीव एकच होती : शब्द आपला पूर्वेतिहास घेऊन येतो. रमाबाईंना त्या इतिहासाची धास्ती वाटली, टिळकांना तो पूल वाटला. शब्द कोरा असतो असे दोघांपैकी कोणीही मानले नाही. गीतरचनाकाराने या दोहोंपैकी कोणतीही वाट धरावी, परंतु शब्द पारखून घ्यावा, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.

८. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा मांडता येईल. उपासनागीताचे शब्द संबोधनातून देवाशी असलेले नाते, सर्वनामातून समुदायाची सीमा, आणि रूपकातून जगाकडे पाहण्याची दृष्टी घडवितात. धर्ममताच्या पातळीवर निर्दोष असलेले गीतही या तीन पातळ्यांवर भाविकाला अनपेक्षित दिशेने नेऊ शकते, आणि वाङ्मयीन दृष्ट्या सामान्य असलेले गीतही त्याला अचूक नाते देऊ शकते. म्हणून या गीतांचे मूल्यमापन करण्यास केवळ काव्यगुणांचा किंवा केवळ सिद्धांतशुद्धतेचा निकष पुरेसा ठरत नाही. दोन्ही ज्ञानशाखांनी एकत्र यावे लागते.

या अभ्यासाची निकड वेगळ्या कारणानेही आहे. नायगावची वस्ती झपाट्याने बदलत आहे. मुंबईकडून आणि अन्य प्रांतांतून आलेल्या कुटुंबांमुळे हिंदी व इंग्रजी गीतांचे प्रमाण वाढत आहे, आणि इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या ख्रिस्ती मुलांना देवनागरी वाचणे जड जाऊ लागले आहे. 'हम' म्हणून गाणाऱ्या पिढीला 'आम्ही' आणि 'आपण' यांतील निवडच करावी लागणार नाही. 'तारण' हा शब्द बँकेपुरता उरेल, आणि डोल, नाखवा, ओहोटी हे शब्द गीतात येण्यापूर्वीच बोलीतून मावळतील. वसई परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी धर्मग्रामांतील गीतसंग्रह, हस्तलिखित वह्या आणि क्रुसापाशी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनागीतांचे पाठ यांचे संकलन हाती घेतले, तर एम.ए.च्या विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी उत्तम विषय मिळतील. संकलन करताना केवळ गीतांचे शब्द न उतरविता, गाणाऱ्या व्यक्तीला त्या शब्दाचा कोणता अर्थ जाणवतो, याचीही नोंद करावी. तो अर्थ कोशात मिळत नाही. तो कोळीवाड्यातील गाणाऱ्या माणसालाच विचारावा लागतो, आणि विचारण्याची वेळ अद्याप गेलेली नाही.